नदीपलीकडचा नातू

जावई मेल्याचं लेकाने येऊन सांगितलं, तेव्हा आक्का गोठ्यात शेण भरत होती.

"वरच्या डोहाच्या चिखलात पडलाय," लेक दारातूनच म्हणाला. गुडघ्यांपर्यंत चिखल, अंगभर गवताची कुसळं. "डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दात पार झिजलेले. म्हातारपण, दुसरं काही नाही."

आक्काने घमेलं खाली ठेवलं. "तोंड कुठे होतं?"

"कुणाचं?"

"त्याचं. नदीकडे होतं की रानाकडे?"

"आई, ते कोण बघतंय!" लेक हसला आणि पाय धुवायला हौदाकडे गेला. आक्का पुन्हा वाकली. पण त्या सकाळी तिने शेण दोनदा सांडलं, आणि गवाणीशी दावं वळत बसलेल्या तिच्या नवऱ्याने, कारभाऱ्यांनी, ते दोन्ही वेळा पाहिलं.

जावई म्हणजे रानरेडा. नदीच्या पलीकडे माणूस बुडेल इतक्या उंच गवताचा पट्टा होता आणि त्यात रानम्हशींचा एक कळप उरला होता. माजाच्या दिवसांत त्यांचा हा रेडा नदी उतरून अलीकडे यायचा आणि वस्तीच्या म्हशींत मिसळायचा. पहिल्यांदा तो वाळूत उभा दिसला तेव्हा कारभारी म्हणाले होते, "जावईबापू आलेत. कुणी खोकूसुद्धा नका." तेव्हापासून सगळी वस्ती त्याला जावईच म्हणू लागली. त्याच्यापासून झालेली रेडकं हाडापेरांनी दांडगी असत, म्हणून त्याला कुणी हाकलत नसे.

त्याचंच एक रेडकू आक्काच्या घरी होतं. त्याची आई वितानाच मेली. आक्काने त्याला दुसऱ्या म्हशींच्या दुधावर, बाटलीने पाजून वाढवलं. थंडीत ते पडवीत तिच्या अंथरुणाशी झोपायचं. लेकाचं लग्न तेव्हाही जमत नव्हतं आणि आताही जमत नव्हतं; रानाच्या कडेला शेणात हात घालणाऱ्या घरात मुलगी द्यायला कुणी तयार होत नसे. दूधकेंद्रावर मापाड्याने एकदा सगळ्यांदेखत विचारलं, "काय आक्का, नातू झाला म्हणे? शिंगं कुणावर गेलीत?" लोक हसले. आक्काही हसली. रेडकाचं नाव नातू पडलं ते कायमचं.

कारभाऱ्यांची पाठ गाडी उलटली तेव्हापासून कामातून गेली होती. ते बसून दावी वळत, वैरण तोडत आणि सगळ्यावर लक्ष ठेवत. नातू वर्षाचा झाल्यावर त्यांनी खच्ची करणाऱ्याला बोलावणं धाडलं. तो चिमटा घेऊन आला, तर आक्काने त्याला चहा पाजून परत पाठवलं. "अजून लहान आहे."

पुढच्या वर्षी तो पुन्हा आला. तेव्हा आक्का म्हणाली, "आता मोठा झालाय. सोसणार नाही."

"तुझं गणित मला या जन्मी कळायचं नाही," कारभारी म्हणाले.

जावई मेला आणि पुढच्याच माजाला नातवाने खुंटा उपटला. दुपारची वेळ होती. आक्का धावत नदीवर पोचली तेव्हा तो पाण्याच्या मध्यावर होता, नाक वर, शिंगं पाठीवर टाकलेली, मागे दाव्यासकट खुंटा तरंगत चाललेला. तिने हाक मारली. तिची हाक वस्तीत प्रसिद्ध होती. सुरुवातीला खर्जातली, मग एकदम वर चढणारी, शेवट लांबवलेली. "ये रेऽऽ नातवा, ये येऽऽ!" एरवी या हाकेला तो चरणं टाकून यायचा. त्या दिवशी पलीकडच्या काठावर चढून त्याने अंग झटकलं, मागे वळून पाहिलं, आणि गवतात शिरला.

"येईल भूक लागली की," कारभारी म्हणाले.

तो आला नाही. आक्का रोज संध्याकाळी काठावर जाऊन हाका मारी. काही दिवसांनी नदीवर धुणं धुणाऱ्या बायका तिची हाक काढून एकमेकींना हसवू लागल्या, तेव्हा तिने जाणं बंद केलं.

*

डॉक्टरीणबाई घरी आल्या त्या गवत कापणीच्या दिवसांत. रानाच्या तोंडाशी पत्र्याच्या खोल्यांत त्यांचं ठाणं होतं. तिथली माणसं रानम्हशींचा अभ्यास करत. कळपामागे हिंडत, शेण बाटल्यांत भरून शहरात पाठवत, आणि त्या शेणावरून कोण कुणाचं पोर ते त्यांना कळे. लेक त्यांच्याकडे कामाला होता. वाट दाखवणं, ओझी वाहणं, झाडावर बसून कळप बघणं.

बाई चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या. पडवीत पोत्यावर बसल्या आणि आडवळणं न घेता म्हणाल्या, "आक्का, तुमचा रेडा कळपावर बसलाय."

"बसला म्हणजे?"

"मालक झालाय कळपाचा. दुसऱ्या रेड्यांना जवळ येऊ देत नाही."

आक्काच्या तोंडावर हसू आलं. ते लपवायला तिने पदर तोंडाला लावला. "दूध कुणाचं प्यायलाय!"

"तेच तर आहे. त्याची आई घरची. आता त्याची जी पिल्लं होतील ती थोडी रानातली, थोडी घरातली. मग त्यांची पिल्लं. असं होत होत रानम्हैस म्हणून जे जनावर आहे ते संपेल. इतका मोठा कळप आता दुसरीकडे फारसा राहिलेला नाही."

"संपेल कसं? म्हशी असतीलच की तिथे."

"असतील. रानात हिंडणाऱ्या घरच्या म्हशी."

"मग बिघडलं काय त्यात?" आक्काने खरोखरच विचारलं.

बाईंनी नदीपलीकडच्या दिशेला बोट केलं. "सोडून दिलेली घरची म्हैस वाघ बघून काय करते?"

"पळते."

"त्या पळत नाहीत. पिल्लं मध्ये घेऊन गोल करून उभ्या राहतात, शिंगं बाहेर करून. तुमच्या लेकाने बघितलंय. हे शिकवून येत नाही, आक्का. रक्तातच असावं लागतं. एकदा गेलं की कुणालाही परत आणता येणार नाही, मलाही नाही."

कारभाऱ्यांनी वळत असलेलं दावं मांडीवर ठेवलं. "मग धरा की त्याला. आम्ही कुठे नाही म्हणतोय?"

"प्रयत्न केला," लेक खाली बघत म्हणाला. घरी त्याने हे सांगितलेलं नव्हतं. "गुंगीची सुई मारली बंदुकीने. तो बिथरला आणि पाण्यात घुसला. पाण्यातच गुंगी चढायला लागली. बाई गळ्यापर्यंत आत गेल्या, आम्ही त्याचं तोंड वर धरून ठेवलं, नाहीतर बुडालाच होता. उताऱ्याचं औषध दिल्याबरोबर उठला आणि आमच्यावरच धावला."

आक्काने लेकाकडे पाहिलं. खांद्याजवळ त्याचा सदरा शिवलेला होता. काट्याने फाटला, असं तो म्हणाला होता.

"तो कोरड्यावर, मोकळ्या जागी, शांत उभा असेल तरच जमेल," बाई म्हणाल्या. "आणि तसा तो एकाच माणसाजवळ उभा राहील."

आक्का उठली. "म्हशींना पाणी दाखवायचंय," म्हणाली आणि गोठ्यात निघून गेली.

*

आठवडाभर तिने त्या विषयावर कुणाला बोलू दिलं नाही. पण गोष्ट वस्तीत पसरली होती. रेडा परत आला नाही तर नदीकाठचं चरणं सगळ्यांनाच बंद होणार, असं कुणीतरी उठवलं. बाई तसं बोलल्या नव्हत्या. पण वरून तसा हुकूम येऊ शकतो हे त्यांनी नाकारलंही नाही.

दूधकेंद्रावर आक्काची चरवी सगळ्यात मागे राहू लागली. ती रांगेत पुढे ठेवायची आणि कुणीतरी पायाने बाजूला सरकवायचं. एकदा खालच्या आळीतल्या एका म्हातारीने तिच्या तोंडावर विचारलं, "एका टोणग्यापायी सगळ्यांच्या म्हशी दावणीला मारणार का गं?" मापाड्याने दूध फार वेळ ढवळलं, नाकाशी नेऊन वास घेतला आणि मग ओतलं. आक्काच्या दुधाचा असा वास आजवर कुणी घेतला नव्हता. ती रिकामी चरवी घेऊन घरी आली आणि दिवसभर ना चुलीशी बोलली, ना भांड्यांशी. कारभाऱ्यांना ते कळलं, कारण एरवी ती भांड्यांशीही बोलत असे.

दुसऱ्या दिवशी ती लेकाला म्हणाली, "मला दाखव तो. मग बघू."

लेकाने तिला होडीतून पलीकडे नेलं. गवतातून वाट काढत, कपाळावर, हातांवर पात्यांचे चरे घेत ती चालली. एका झाडावर फळ्यांचं मचाण होतं. या वयात झाडावर चढताना तिचा पाय घसरला आणि लेकाने खालून खांदा दिला.

कळप चिखलात लोळत होता. आक्काने म्हशी आयुष्यभर पाहिल्या होत्या, पण या बघून तिने मचाणाची फळी घट्ट धरली. शिंगं हातांच्या कवेत मावणार नाहीत अशी. एक वाळकं पान कुठे वाजलं तर सगळ्यांची तोंडं एकदम तिकडे.

आणि नातू. तो वाळला होता, मानेवर जखमांचे वण होते, पण छाती भरली होती. तो कळपाच्या कडेने चालला की म्हशी वाट देत होत्या.

"रुबाब बघ," आक्का पुटपुटली.

मग तिला दूर दुसरा रेडा दिसला. तरणा, शिंगांनी नातवापेक्षा रुंद. उन्हात एकटाच उभा होता. त्याच्या कुशीत फाटलेली जखम होती आणि त्यावर माश्या बसल्या होत्या. तो दोन पावलं कळपाकडे आला. नातवाने मान खाली घालून नुसता फुत्कार टाकला, आणि तो मागे सरला.

"तो कोण?"

"जावयाचाच," लेक म्हणाला. "इथल्या म्हशीचा. बाईंनी शेणावरून काढलंय. जखम नातवाची."

"म्हणजे भाऊ त्याचा."

"भाऊच."

आक्का बराच वेळ त्या तरण्या रेड्याकडे बघत राहिली. तो माश्या उडवायला शेपटी हलवत होता, पण जखमेपर्यंत ती पोचत नव्हती.

"घर त्याचं आहे," ती शेवटी म्हणाली. "आपला तिथे घुसलाय."

होडीत ती एकच वाक्य बोलली. "बाईंना सांग, मी हाक मारीन."

*

बाई त्याच संध्याकाळी आल्या. आक्काने विचारलं, "मारणार नाही ना त्याला?"

"नाही. पण गुंगीत जनावर दगावू शकतं. मी खूप काळजी घेईन, तरी दगावू शकतं. आणि तो परत रानात गेला तरी पिल्लं होऊ नयेत, म्हणून तिथेच त्याला खच्ची करावं लागेल. वेसण घालावी लागेल."

"सगळं एकदमच."

"पुन्हा गुंगी द्यायला नको म्हणून."

कारभारी काही बोलतील असं आक्काला वाटलं. तेव्हाच चिमटा लावला असता तर, असं. पण वळलेलं दावं त्यांनी हाताने ताणून पाहिलं आणि म्हणाले, "वेसणीचा दोर मी करतो. बाजारचा कापतो नाकाला."

नदीच्या अलीकडे कोरड्या वाळूत जागा ठरली. लेकाने आणि ठाण्यावरच्या माणसांनी गवताचा एक आडोसा उभा केला, बाईंना बंदूक घेऊन बसता येईल असा. आक्का रोज दुपारी पेंड आणि कोंडा कालवून पाटी डोक्यावर घेई, वाळू तुडवत जाई, पाटी ठेवी आणि हाक मारी. उन्हाने वाळू तापलेली असे. पहिले काही दिवस पलीकडे काहीच हललं नाही. तिचा घसा बसला. गुळण्या करून, कोमट पाणी पिऊन ती पुन्हा जाई. नदीवरच्या बायका आता हसत नव्हत्या. त्या धुणं आवरून लवकर निघून जात.

एका दुपारी गवत हललं. नातू काठावर येऊन उभा राहिला आणि ऐकत राहिला. पाण्यात उतरला नाही. दुसऱ्या दिवशी तो अर्ध्या नदीपर्यंत आला आणि फिरला. आडोशामागे बाई हललेल्यासुद्धा दिसल्या नाहीत.

तिसऱ्या खेपेला तो अलीकडे आला.

पाणी गळणारं ते अंग समोर उभं राहिलं तेव्हा आक्का एक पाऊल मागे सरली. इतका मोठा तो घरी नव्हता. त्याच्या अंगाला रानाचा वास येत होता, चिखलाचा आणि माजाचा. त्याने पाटी हुंगली, खाल्लं नाही. मग मान लांब करून लहानपणी खुपसायचा तसं नाक तिच्या काखेत खुपसलं आणि जोराने श्वास सोडला.

"आलास रे," ती म्हणाली. "आलास माझ्या राजा." तिने हात त्याच्या कपाळावर ठेवला. बाईंनी सांगितलं होतं, हात ठेवला की मी समजेन.

फट् असा आवाज झाला. त्याच्या मांडीत सुई बसली आणि तो थरार तिला तळहातात कळला. तो उसळला नाही. कपाळ तिच्या हाताखालीच ठेवून त्याने डोळे वर केले.

"हलू नका आक्का, बोलत राहा," आडोशामागून दबका आवाज आला.

ती बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. त्याची जीभ बाहेर आली, मागचे पाय दुमडले, मग पुढचे. माणसं चहूकडून धावली. बाई भराभर सांगत होत्या: छातीवर बसवा, कुशीवर पडू देऊ नका, तोंड उंच धरा, डोळ्यांवर ओलं पोतं टाका, पाणी ओता. आक्का त्याचं शिंग दोन्ही हातांनी धरून बसली. लेक नदीतून बादल्या आणत होता. मध्येच नातवाचा श्वास अडकला. बाईंनी त्याच्या नाकपुडीला कान लावला, छातीवर मूठ मारली, पुन्हा मारली. श्वास सुरू झाला.

"आता चिमटा," त्या म्हणाल्या. "मागचा पाय कुणीतरी ओढून धरा."

सगळ्यांचे हात गुंतलेले होते. तेव्हा कारभारी पुढे आले. काठी टेकत ते वाळूतून कधी आले होते कुणाला कळलं नव्हतं. काठी टाकून ते गुडघ्यांवर बसले, नातवाचा पाय छातीशी घेऊन त्यांनी सगळं अंग मागे टाकलं. पाठीतून कळ गेली तसे त्यांचे ओठ पांढरे पडले, पण पाय सुटला नाही. चिमटा दाबल्याचा आवाज आला, काटकी मोडावी तसा. आक्काने तिकडे पाहिलं नाही. ती शिंगाच्या मुळाशी साचलेला चिखल नखाने काढत राहिली.

उठल्यावर नातवाच्या नाकात वेसण होती आणि दोन्हीकडून दोर ताणलेले होते. तो लटपटत चालला. आक्का पुढे चालत होती, नेहमीसारखी. घर येईपर्यंत तो एकदाही तिच्या अंगाशी आला नाही.

*

माज सरता सरता लेक सांगत आला की तो तरणा रेडा कळपात शिरला. कुशीतली जखम भरतेय. बाईंनी ठाण्यावर सगळ्यांना गोडाचं खायला घातलं. चरणं बंद झालं नाही. केंद्रावर आक्काची चरवी पुन्हा रांगेत मिसळली, आणि खालच्या आळीतल्या म्हातारीने तिला स्वतःहून पुढे केलं. आक्का मागेच उभी राहिली.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. नातू कारभाऱ्यांच्या हातून वैरण खाई. लेकाला अंगाला हात लावू देई. आक्का गोठ्यात आली की तो तोंड भिंतीकडे करी.

"विसरेल," कारभारी म्हणाले. "जनावर आहे."

वेसणीची जखम चिघळली. औषध लावायला आक्काच गेली, दुसऱ्या कुणाला जाऊ दिलं नाही. डब्यातलं मलम बोटावर घेऊन तिने नाकाकडे हात नेला आणि त्याने मान झटकली. शिंगाचा चपटा भाग तिच्या बरगड्यांवर बसला. ती गवाणीत जाऊन पडली. मारण्यासाठी त्याने केलं नव्हतं हे तिला कळलं. तिच्या हाताचा वास नाकाशी आला आणि तो दचकला होता.

दोन बरगड्या मोडल्या. छातीला पट्टा बांधून ती पडवीत पडून राहिली. जनावरांचा व्यापारी नातवाला बघून अंगणात थांबला. कारभारी दारात येऊन नुसते उभे राहिले. आक्का छताकडे बघत म्हणाली, "नाही." त्यांनी व्यापाऱ्याला वाटेला लावलं.

डॉक्टरीणबाई बघायला आल्या. खाली जमिनीवर बसल्या, हातातल्या टोपीची कड चाळवत.

"आक्का, मी तुमच्याकडून हे करून घ्यायला नको होतं," त्या म्हणाल्या.

"का? खोटं होतं का काही?"

"नाही."

"मग?" आक्काला बोलताना धाप लागत होती. ती थांबून थांबून बोलली. "बाई, तुम्ही सगळं सांगून केलंत. चिमटा सांगितलात, वेसण सांगितलीत, मरेल तेही सांगितलंत. तुम्ही माझ्याशी खोटं नाही बोललात. खोटं मी बोलले. त्याच्याशी."

बाईंनी टोपी बाजूला ठेवली.

"पुन्हा विचारलंत तरी मी हाकच मारीन," आक्का म्हणाली. "त्या दुसऱ्याची जखम मी बघितलीय. पण म्हणून हे खोटं नव्हतं असं नका म्हणू मला."

"नाही म्हणणार."

"चहा ठेवा तेवढा. मला वाकता येत नाही."

बाई उठल्या आणि चूल कुठे आहे ते न विचारता आत गेल्या.

पट्टा सुटल्यावर आक्का पहिल्यांदा गोठ्यात गेली ती सकाळी, घरात कुणी नसताना. पाटीत पेंड कालवलेली होती. नातवाने तिची चाहूल घेतली आणि तोंड भिंतीकडे केलं. त्याच्या पाठीची कातडी ठिकठिकाणी थरथरत होती. तिच्या तोंडाशी शब्द आले होते, ते तिने आतच ठेवले. त्याच्या दाव्याला पुरेल एवढ्या अंतरावर पाटी ठेवली, पाठ न दाखवता मागे मागे सरली आणि दाराबाहेर पडली.

भिंतीच्या आडोशाला ती थांबली. बरगड्या अजून दुखत होत्या, म्हणून भिंतीला टेकून उभी राहिली. आत बराच वेळ काही वाजलं नाही. मग दाव्याची कडी खुळखुळली, पाटी दगडावर जराशी सरकली, आणि ओली पेंड चघळल्याचा सावकाश आवाज येऊ लागला. पाटी रिकामी होईपर्यंत आक्का तिथून हलली नाही.